पाठीमागची दाद

वाचकहो, दर आठवड्याला या सदरात आपली गाठ पडते ती एका चहाच्या कपाएवढी. दिवाळी अंकात ताट मोठे मिळते, तेव्हा आज जरा ऐसपैस बसून बोलू. विषय तुमच्या-आमच्या रोजच्या देण्याघेण्यातलाच आहे: दाद.

दाद दोन प्रकारची असते. एक समोरून येते आणि दुसरी पाठीमागून. समोरची दाद म्हणजे शिट्ट्या, हवेत उडणारे फेटे आणि दौलतजादा. ती सर्वांना दिसते आणि फडमालकाला मोजताही येते. पाठीमागची दाद मात्र कोणाला दिसत नाही. तमाशात गाणाऱ्याच्या मागे झील धरणारे सुरत्ये उभे असतात, बाजूला ढोलकी, हलगी, तुणतुणे. रोज रात्री तीच गाणी ऐकून या मंडळींचे कान किटलेले असतात. अशा वेळी नव्या गाण्यातला एखादा शब्द ठेक्यावर असा चपखल बसतो की ढोलकीवाल्याची मान आपोआप हलते. त्या मानेला आवाज नसतो आणि तिच्यावर कोणी पैसे उधळत नाही. पण माझे म्हणणे असे, की गाण्याचे पुढचे पन्नास वर्षांचे आयुष्य त्या मानेनेच ठरवलेले असते.

आमच्या शिरूरला हे पटवून द्यावे लागत नाही. जुनी माणसे या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. घोडनदीच्या या मुलुखात यात्रा म्हटली की तमाशा आलाच. पलीकडच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येतात, या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, घासाघीस करतात आणि यात्रेची सुपारी देऊन जातात. पंच विचारतात, नाचणाऱ्या किती, लवाजमा केवढा, बिदागी काय? फडातली माणसे एकमेकांना विचारतात ते निराळेच: यंदा वग कोणाचा आणि गाणी कोणाची? पहिल्या प्रश्नावर त्या वर्षाचा धंदा ठरतो. दुसऱ्यावर कलेची वाट ठरते.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे आमच्याच तालुक्यातले होते. गाव कवठे येमाई. गंगाराम कवठेकरांच्या तमाशामुळे या गावाचे नाव आधीच फडाफडांत ठाऊक झाले होते. त्याच गावचे लोकशाहीर बशीर मोमीन, ज्यांना तमाशाचे जग बी. के. मोमीन कवठेकर म्हणून ओळखते. त्यांनी सुमारे अर्धशतक गण, गौळणी, लावण्या आणि वग लिहिले. व्यसन, हुंडा, निरक्षरता यांच्यावरही त्यांनी गाणी रचली. दत्ता महाडिक पुणेकर, काळू-बाळू, रघुवीर खेडकर, मंगला बनसोडे अशा नामांकित फडांनी त्यांचे शब्द बोर्डावर नेले.

यातली खुबी नीट पाहिली पाहिजे. हे फड काही एका घरचे नव्हेत. एकाच यात्रेच्या हंगामात एकमेकांच्या सुपाऱ्यांवर डोळा ठेवून असणारे हे प्रतिस्पर्धी. एकाची कनात भरली तर दुसऱ्याची ओस पडायची! अशा चौघांनी एकाच माणसाच्या दारात गाण्यासाठी उभे राहावे, यापेक्षा खरे प्रशस्तिपत्र कोणते? परीक्षक पाहुण्याची भीड धरील, वर्तमानपत्रवाला ओळखीला भुलेल. पण चढाओढीतला माणूस उगीच कोणाचे गाणे घेणार नाही. ते गाणे फसले तर कनात त्याची रिकामी राहणार असते. त्याची पसंती पोटाला चिमटा काढून दिलेली असते.

आणि तरीही कनातीतल्या हजारो प्रेक्षकांपैकी मोमीन हे नाव कितीजणांना ठाऊक होते? शिट्टी मारणाऱ्याला गाणारी दिसे. लिहिणारा कवठ्याच्या घरात बसलेला असे. सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला तो २०१८ सालचा, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते गेले. फडांनी ज्याला तरुणपणीच ओळखले त्याला दरबारी ओळख मिळायला साऱ्या हयातीची वाट पाहावी लागली. त्यातल्या त्यात समाधान एवढेच, की पुरस्कारावर नाव होते ते एका फडकरी बाईचेच.

हा हिशेब आजचा नाही. शिरूरहून दौंडमार्गे बारामतीला जा. तिथे अठराव्या शतकात मोरोपंत बसले होते. विद्वत्ता अफाट, पण त्यांच्या आर्या संस्कृत समासांनी इतक्या गच्च भरलेल्या, की सामान्य श्रोत्याचा घास घशातच अडकावा. तिकडे सोलापूरचा रामजोशी लावण्या रचून तमाशे गाजवीत होता. एक पंडित, दुसरा फडावरचा शाहीर. पण पंतांच्या शब्दातली लय या फडावरच्या माणसाला कळली. रामजोशी पुढे कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या कीर्तनातून गाऊ लागले. पोथीतली आर्या देवळाच्या ओट्यावर आली आणि लोकांच्या तोंडी बसली. मोरोपंत १७९४ साली वारले, पण आर्या टिकली. तिला खांद्यावर घेऊन हिंडले ते त्यांच्याच धंद्यातले माणूस, तेही वरवर पाहता दुसऱ्या टोकाचे.

खुद्द रामजोशींचे तरी काय झाले? सगळ्या महाराष्ट्राला त्यांचे नाव पुन्हा कळले ते १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट आला तेव्हा. त्याची गाणी लिहिणारे ग. दि. माडगूळकर स्वतः कवी. होनाजीला १९५१ साली ‘अमर भूपाळी’ने घरोघर पोचवले. शाहीर जाऊन शतक उलटल्यावर त्यांना उजेडात आणणारे हात कारागिरांचेच होते.

आता थोडे सातासमुद्रापार जाऊ. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ नावाचा रॉक संगीताचा एक ताफा होता. त्यांची पहिली तबकडी १९६७ साली निघाली. सूर कर्कश, विषय अंगावर येणारे. लोकांनी पाठ फिरवली. त्यांचा मुख्य गायक आणि गीतकार लू रीड १९७० साली ताफा सोडून गेला. व्यापाऱ्याच्या वहीत ही बुडीत उधारी! पण पुढे ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने १९८२ साली एका मुलाखतीत मार्मिक सांगितले. त्याचा भाव असा, की ती तबकडी घेणारे थोडे होते खरे, पण ज्याने ज्याने घेतली त्याने आपला स्वतःचा ताफा काढला. डेव्हिड बोवीसारखा नामांकित गायक त्यांची गाणी आपल्या मैफलीत गाई. १९६८ साली न्यूयॉर्कला गेलेला चेक नाटककार व्हाक्लाव हावेल या ताफ्याची एक तबकडी प्रागला घेऊन आला, आणि तिथल्या तरुण वादकांनीही ही गाणी आपलीशी केली. तोच हावेल पुढे आपल्या देशाचा अध्यक्ष झाला. ज्यांना घरच्या बाजारात गिऱ्हाईक मिळाले नाही, त्यांना परक्या देशात वारस मिळाले.

न्यूयॉर्क कुठे, बारामती कुठे आणि कवठे येमाई कुठे! पण रीत एकच. ही रीत अशी संथ का, याचे कारण साधे आहे. श्रोता गाण्याचा परिणाम ऐकतो, कारागीर त्याची जोडणी ऐकतो. सुतार खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करून सांधे पाहतो, तसे हे आहे. नव्या जोडणीची चव श्रोत्याच्या जिभेला एकदम लागत नाही. आधी दहा कारागीर ती उचलतात, आपापल्या परीने घोळवतात, जरा सोपी करतात. मग ती यात्रेतून, बोलपटातून, लग्नाच्या बँडातून कानावर पडत राहते आणि एक दिवस लोक म्हणतात, अहो, हे तर आपलेच गाणे! तोवर मूळचा माणूस म्हातारा झालेला असतो किंवा गेलेला असतो.

आमचे जुने शाहीर हे सारे ओळखून होते. म्हणूनच लावणीच्या शेवटच्या कडव्यात ते आपली नाममुद्रा गुंफीत. पुष्कळांना तो मिरवण्याचा सोस वाटतो. मला ती शहाण्या माणसाने केलेली तजवीज वाटते. गाणे आपल्या हातून सुटले की परक्या गळ्यांवरून किती गावे हिंडेल याचा नेम नाही, हे त्यांना ठाऊक होते. तेव्हा लेकराच्या दंडावर जत्रेत नाव गोंदून द्यावे तसे त्यांनी गाण्यावर आपले नाव गोंदून ठेवले. कायद्याने हक्क राखण्याची सोय नव्हती तेव्हा शाहिराने ती छंदातच करून घेतली.

पण गोंदलेले नावही गाणाऱ्याने शेवटचे कडवे गाळले की पुसले जाते. आणि आजकाल शेवटचे कडवे गातो कोण? दोन कडवी होतात न होतात तोच पुढच्या गाण्याची फर्माईश येते.

म्हणून या दिवाळीत एकच मागणे. दिवाळी सरली की थोड्याच दिवसांत यात्रांचे बेत सुरू होतील. पंचमंडळींनी सुपारी देताना घासाघीस जरूर करावी, तो त्यांचा हक्कच आहे. फक्त बोलीत एक अट जास्त घालावी: बोर्डावरून गाणे सुरू होण्याआधी ते लिहिणाऱ्याचे नाव एकदा मोठ्याने पुकारायचे. त्याला खर्च नाही. ढोलकीवाल्याने अंधारात मान हलवून जी दाद वर्षापूर्वी दिली, ती लिहिणाऱ्याच्या हयातीत त्याच्या कानावर जाईल एवढेच.