मुलं मोठी झाली, आता कोणाच्या हाती सोपवायची?



आपल्या अच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात. कोणाचा मुलगा वापीला, कोणाची मुलगी सुरतेला, कोणाचं लेकरू थेट अमेरिकेत. शरीराने मुलं गेली, पण आपण त्यांना सोडलंय का? रोजच्या फोनवर आपण हजेरीच घेतो: देरासरला गेलास का, चोविहार केला का, बाहेर जमीकंद तर नाही ना खाल्लं? मला वाटतं, हे थांबायला हवं. आणि हे सांगताना मला एका ख्रिस्ती आईची आठवण येते.

पंडिता रमाबाई. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. उरली एकच लेक, मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाई ख्रिस्ती झाल्या. असं एकुलतं लेकरू कोणती आई पदराआड ठेवणार नाही? पण रमाबाईंनी मनोरमेला शिकायला परदेशी पाठवलं, समुद्रापार, ज्या काळी पत्र यायलाच कित्येक आठवडे लागत. पुढे मनोरमा परतली, आईच्या कामात उजवा हात झाली. केडगावच्या मुक्ती मिशनचा भार तीच उचलणार असं वाटत असताना 1921 मध्ये ती वारली. आईच्या आधी. त्यानंतरही रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या, तोवर ते काम चालूच होतं.

हे बळ कुठून आलं? त्यांची श्रद्धा अशी की लेकरू मुळात देवाचं, आपण सांभाळणाऱ्या. म्हणून त्या त्याच्या हाती सोपवू शकल्या.

आता आपली अडचण बघा. आपल्या धर्मात सृष्टी चालवणारा, मुलांना सांभाळणारा देव नाही. तीर्थंकर वाट दाखवतात, हात धरून चालवत नाहीत. मग आपण सोपवायचं कोणाला?

उत्तर आपल्याच घरात आहे. मरुदेवी माता आठवा. ऋषभदेवांसाठी रडून रडून त्यांची दृष्टी अधू झाली. भरत त्यांना हत्तीवर बसवून समवसरणाकडे घेऊन गेला. तिथलं वैभव जाणवलं आणि मनात आलं, मी याच्यासाठी एवढी झुरले आणि हा तर स्वतःत पूर्ण आहे! कोण कोणाची आई, कोण कोणाचा मुलगा? आणि हत्तीवरच त्यांना केवळज्ञान झालं. मुलाला त्यांनी कोणाच्या हाती दिलं नाही. तो आपला नव्हताच, हे ओळखलं. बारा भावनांपैकी एकत्व आणि अन्यत्व या दोन हेच सांगतात.

प्रत्येक जीवाचं कर्माचं खातं वेगळं. आईच्या खात्यातलं पुण्य मुलाच्या खात्यात वळतं करता येत नाही आणि मुलाने खाल्लेला कांदा आईच्या नावे पडत नाही. मग सोपवायचं ते मुलाच्या स्वतःच्या पुरुषार्थाला, आणि लहानपणी जे संस्कार दिले त्यांना.

काही जणी म्हणतील, असं सोडलं तर धर्म सुटेल. पण हजेरी घेऊन धर्म टिकत नाही, खोटं बोलायची सवय लागते. मूल "हो मम्मी, केलं" म्हणतं आणि विषय बदलतं. धर्म तर गेलाच, वर मोकळं बोलणंही गेलं. सोडणं म्हणजे माया तोडणं नव्हे. स्वतः महावीर स्वामींनी आईवडील असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा संकल्प केला होता आणि नंतर भाऊ नंदिवर्धन यांच्या शब्दाखातर ते आणखी दोन वर्षं थांबले. माया होती, पकड नव्हती.

म्हणून माझं सांगणं एवढंच. काळजीने जीव कासावीस झाला की फोन उचलण्याआधी एक सामायिक करा. अठ्ठेचाळीस मिनिटांनी मन शांत झालं की मग फोन करा आणि विचारा, "बरी आहेस ना गं?" बाकीचं ती आपणहून सांगेल.