फराहबागेचा धडा

अहिल्यानगर शहर चारी दिशांनी वाढत आहे, याचा प्रत्येक नगरकरास आनंदच वाटेल. परंतु या वाढीची रीत मात्र चिंता वाटावी अशी आहे. पश्चिमेकडे काचा लावावयाच्या, भिंती पातळ ठेवावयाच्या, सिमेंटचे छत उन्हात उघडे टाकावयाचे आणि मग तेच घर थंड राखण्यासाठी दिवसरात्र यंत्रे चालवावयाची, हा व्यवहार शहाणपणाचा म्हणता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या भूमीने पूर्वीच दिले आहे. निजामशाहीत १५८३ साली पुरा झालेला फराहबाग महाल पाहावा. अष्टकोनी रचना, उंच मध्यदालन, जाड भिंती आणि सभोवार पाणी; त्या पाण्यावरून येणारा वारा गार होऊनच आत शिरे. तो राजविलास होता, असे कोणी म्हणेल. पण जिल्ह्यातील साध्या शेतकऱ्याचे माळवदही याच न्यायाने बांधलेले असे. मातीचे जाड छत दिवसाची उष्णता सावकाश शोषते. ती आत पोहोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. माळवद गळते, वरचेवर डागडुजी मागते, हे आम्ही जाणतो. सर्वांनी पुन्हा माळवदे बांधावीत असे आमचे म्हणणे नाही. तत्त्व तेवढे घ्यावे: छतास पांढरा लेप, खिडक्यांवर रुंद छज्जे, समोरासमोर खिडक्या आणि पश्चिमेस झाडे.

पाण्याचा प्रश्न याहून निकडीचा आहे. शहराचे पाणी मुळा धरणातून वीज खर्चून उपसून आणावे लागते. उलट, १०० चौरस मीटर छतावर ५५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५५ हजार लिटर पाणी दारातच येते. त्यातील काही वाया जाईल हे खरे; पण सारेच गटारात सोडावयाचे काय? राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांस पर्जन्यजलसंचय आवश्यक केला आहे. महापालिकेने भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी त्याची जागेवर जाऊन पाहणी करावी आणि स्वतःच्या नव्या इमारतींत हा धडा प्रथम गिरवावा.

सुशिक्षित ग्राहकाचेही कर्तव्य आहे. फरशीचा रंग तो आवर्जून विचारतो; छताचे पाणी कोठे जाते, हेही त्याने विचारावे. घराचे कर्ज वीस वर्षांत फिटते. अविचाराने बांधलेल्या घराचा भुर्दंड मात्र पुढची पिढी भरीत राहते.