नाण्याची खाच आणि जुगाराचा शिक्का

नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पेटीवर आपल्या सुशिक्षित घरांनी जुगाराचा शिक्का मारला. हा निव्वळ अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे. जुगारात नशीब जिंकते. या पेटीपुढे हात आणि डोळा जिंकतो.

हा शिक्का जुनाच. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली पिनबॉलवर बंदी आणून यंत्रे घणाने फोडविली. तेव्हा त्यांचे फारसे चुकलेही नव्हते; चेंडू एकदा सोडला की पुढचे बहुतेक नशीबच ठरवी. पण १९४७ साली 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्राला चेंडू परतवणारे फ्लिपर बसले आणि खेळ खेळाडूच्या हाती आला. कायद्याला हे उमगायला १९७६ साल उजाडले! रॉजर शार्प या तरुणाने चेंडू कुठून जाणार ते आधी सांगून नगरसेवकांसमोर तसाच मारून दाखविला, तेव्हा कुठे बंदी उठली.

पुढच्या व्हिडिओ गेमचेही तेच. १९८० च्या 'पॅक-मॅन'मधली चारही भुते वेगवेगळ्या रीतीने पाठलाग करतात. ती रीत ओळखणारा पोरगा एका नाण्यात बराच वेळ टिके. याला मी अभ्यास म्हणतो. त्याला ना मराठी लागे, ना कानडी. आपल्यासारख्या दुभाषिक गावांत, जिथे दुकानाच्या पाटीवरूनही वाद पेटतो, तिथे त्या पेटीभोवती दोन्हीकडची पोरे खांद्याला खांदा लावून उभी असत, हे विसरू नये.

पेटीवाला आतली बटणे फिरवून खेळ अवघड करू शके, पोरे शाळा बुडवीत, हे मला मान्य आहे. पण व्यवहार उघडा होता. दर आधी कळे, खिसा रिकामा झाला की खेळ संपे, आणि सारे चारचौघांत चाले.

आज तीच घरे जेवताना मुलाच्या हाती मोबाइल देतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली बंदीचा कायदा केला, हे ठीकच. पण आत काय निघेल ते न सांगता 'बक्षिसाची पेटी' विकणारे खेळ आहेतच. खरा नशिबाचा सौदा तो! त्याला मात्र आपण 'मूल शांत बसते' म्हणून आशीर्वाद देतो.

नाण्यावर डोळे वटारणाऱ्यांनी आता खात्यातून जाणाऱ्या पैशाचा हिशेब मागावा. नाणे निदान वाजत तरी होते.