विस्तव बाहेर, माणसं आत

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. जानेवारीत पारा दोन-तीन अंशांवर येतो, कोहरा असा पडतो की समोरचं घर दिसत नाही. पुण्याचे पाहुणे एका स्वेटरवर येतात आणि दुसऱ्या दिवसापासून रजाईतून बाहेर पडत नाहीत.

लष्करातल्या आमच्या जुन्या वाड्यात माजघरात कोळशाची सिगडी असायची. अंगणात पेटवायची, धूर गेला, निखारे लाल झाले की आत आणायची. भोवती आम्ही सात-आठ पोरं, शेंगा आणि गजक. पण रात्री निजायची वेळ झाली की आजीचा हुकूम सुटायचा, "सिगडी अंगणात." आम्ही गयावया करायचो, राहू दे ना आजी, थंडी आहे. ती म्हणायची, "विस्तव बाहेर निजतो, माणसं आत." यावर अपील नाही. आजी शाळेत गेलेली नव्हती. मी बी.कॉम. झालो, बँकेत पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, आणि सत्तरी ओलांडल्यावर तिचा नियम मोडला. त्याचीच ही गोष्ट.

नोकरीत असताना तीन वर्षं शिमल्याला होतो. तिथे वातीचा रॉकेल हीटर घेतला होता. निवृत्तीनंतर इथे फ्लॅट घेतला तेव्हा तोही सोबत आला. बिजली गेली तर असावा, एवढाच हेतू. इन्व्हर्टरवर पंखा-दिवे चालतात, रूम हीटर चालत नाही, हे तुम्ही जाणताच.

दोन वर्षांपूर्वी ऐन थंडीत संध्याकाळी बिजली गेली, रात्री दहापर्यंत आली नाही. मी हीटर काढला. डब्यात तळाशी जुनं रॉकेल होतं, तेच भरलं. वात काजळलेली होती, म्हटलं चलता है. खिडक्या बंद होत्याच, वर दाराखाली चादरही कोंबली, ऊब जायला नको म्हणून. ज्योत पिवळी होती, तिकडे लक्ष दिलं नाही. तासाभराने सौ. म्हणाली, "अहो, डोकं फार दुखतंय, मळमळतंय." मी म्हटलं, पित्त असेल. मग माझंही दुखायला लागलं. उठायला गेलो तर पाय जड. नशीब की तिला उलटीची भावना झाली आणि तिने बाल्कनीचं दार उघडलं. गार वारा आत आला आणि दहा-पंधरा मिनिटांत दोघांचंही डोकं हलकं व्हायला लागलं. पित्त असं दार उघडून जात नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं. हीटर विझवला आणि उरलेली रात्र दार किलकिलं ठेवून रजाईत काढली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला चांगलंच सुनावलं. रात्रीच दवाखान्यात यायला हवं होतं, म्हणाले. रॉकेल असो की कोळसा, हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. झोपेत असलेला माणूस उठतच नाही. दर हिवाळ्यात उत्तरेकडे अशा बातम्या येतात, बंद खोलीत सिगडी आणि सकाळी सगळं घर गेलेलं.

यावर आमच्या वयाचे लोक हमखास म्हणतात, "आम्ही जन्मभर सिगड्या पेटवल्या, काही झालं नाही." मला हे पटत नाही. वाड्याला कौलं होती, दारांना बोट जाईल एवढ्या फटी होत्या, घर आपोआप श्वास घेत होतं. आज आपण ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचांच्या, रबर लावलेल्या डब्यात राहतो. घर बदललं, सवय तीच ठेवली. हिशेबाची एकच बाजू बदलली तर ताळा जुळेल कसा?

भाचा म्हणतो, "मामा, हीटर भंगारात द्या." तेही मी करणार नाही. बिजली जाणार, थंडी पडणार, आणि मुलं परगावी असलेली म्हातारी जोडपी गल्लोगल्ली आहेत. पण पेटवायचा तर नियमाने. कोळशाची सिगडी बंद खोलीत कधीच नाही. रॉकेल हीटर जागं असेपर्यंतच, तोही खिडकी दोन बोटं उघडी आणि खोलीचं दार उघडं ठेवून. रॉकेल स्वच्छ, ताजं हवं. त्यात पेट्रोलचा थेंबही नको. भरायचं ते हीटर विझवून, पूर्ण गार झाल्यावर, घराबाहेर. वात साफ हवी; ज्योत पिवळी-काजळी झाली की लगेच बंद. पडदा, रजाई, पलंग तीन फूट लांब. आणि निजण्यापूर्वी विझवायचा म्हणजे विझवायचा. रात्रीसाठी रजाई आणि गरम पाण्याची पिशवी पुष्कळ. खोली तापवण्यापेक्षा अंग ऊबदार ठेवणं स्वस्तही आणि सुरक्षितही.

घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर पित्ताची गोळी शोधू नका. आधी बाहेर पडा, मग दवाखाना गाठा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, मुलांना सांगून मागवून घ्या. मी मागवला.

हीटर अजून आहे. रात्री साडेनऊला सौ. नुसती माझ्याकडे बघते, मी उठून विझवतो आणि गार झाला की बाल्कनीत ठेवून येतो.

तुमच्याकडे सिगडीचा काय नियम होता? इंदूर-उज्जैनकडच्या मंडळींनीही लिहावं. आणि ही पोस्ट एकट्या राहणाऱ्या काका-काकूंना नुसती पाठवू नका, फोन करून वाचून दाखवा.