पुट्टीखाली गाडलेला हुन्नर

आपल्या समाजात हातोडी चालवणाऱ्यांच्या दोन जाती झाल्या आहेत. एकाला आपण कलावंत म्हणतो, दुसऱ्याला गॅरेजवाला. बिदरच्या सुरईवर चांदीची तार ठोकून बसवणारा पहिल्या जातीतला. त्याच्या कामाला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्यावर लेख येतात, प्रदर्शने भरतात, आणि आपणही 'हा आमचा वारसा' म्हणून छाती पुढे काढतो. चेपलेल्या मोटारीचा पत्रा पुट्टीचा कणही न लावता पूर्वीसारखा उभा करणारा दुसऱ्या जातीतला. त्याच्यावर लेख येत नाही. त्याच्या मुलीचे स्थळ पाहायला गेलेली माणसे 'वडील काय करतात?' असे विचारतात आणि उत्तर ऐकून चहा अर्धा ठेवतात. या वागण्याला माझा आक्षेप आहे, आणि तो मला सरकारपाशी आणि विमा कंपन्यांपाशीच नव्हे, तर आपल्या घरापाशीही नोंदवायचा आहे.

वरोऱ्यात राहून हा विषय टाळता येत नाही. नागपूर-चंद्रपूर हमरस्त्यावरचे हे गाव. इथून एक वाट वणीकडे फुटते, एक चिमूरकडे. कोळशाचे ट्रक, ताडोब्याकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या, लग्नाची वऱ्हाडे, एस.टी. आणि दुचाक्या एकाच डांबरावरून धावतात. गाड्या आपटणार, पत्रे चेपणार आणि ते कुणीतरी सरळ करणार. ते सरळ करणारा माणूस विदर्भातल्या कितीतरी गावांत कुणाचा तरी चाचा, मामू किंवा भाईजान असतो.

तो नेमके काय करतो, हे आधी समजून घेऊ. कारण आपला तुच्छतेचा सूर बहुतेक अज्ञानातून येतो.

दरवाजाला पोचा पडतो तेव्हा सगळा पत्रा बिघडलेला नसतो. पत्र्यात मूळ आकाराकडे परतण्याची ओढ असते. आघाताच्या कडेला जी घडी पडते, ती मात्र कायमची वाकते आणि मधल्या निरोगी पत्र्याला कोंडून धरते. म्हणून जाणकार उस्ताद पोच्याच्या मधोमध हातोडी घालत नाही. तो घडी शोधतो. जे शेवटी वाकले ते आधी सोडवायचे आणि जे आधी वाकले ते शेवटी, असा या कामाचा क्रम आहे. मागून लोखंडी ठोकळा, ज्याला गॅरेजात डॉली म्हणतात, तो खोल भागाला दाबून धरायचा आणि बाहेरून हातोडी मारायची ती शेजारच्या उंचवट्यावर. उंचवटा खाली बसतो आणि ठोकळ्याच्या रेट्याने खोल भाग वर येतो. हातोडी थेट ठोकळ्यावर पडत राहिली, तर मधला पत्रा चिरडून पसरतो. पसरलेल्या पत्र्याला बसायला जागा उरत नाही. तो तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टकटक वाजत आत-बाहेर होतो.

असा ताणलेला पत्रा जागेवर आणायची रीत तर पाहण्यासारखी आहे. गॅसच्या ज्योतीने रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका लाल करायचा. तो ठिपका पसरू पाहतो, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. म्हणून तो जागच्या जागी जाड होऊन फुगतो. त्यावर हलके ठोके आणि लगेच ओले फडके. थंड होताना ठिपका आकसतो आणि आजूबाजूचा सैल पत्रा आपल्याकडे ओढून घेतो. ठिपका कुठे द्यायचा, किती मोठा द्यायचा, किती द्यायचे, हे चुकले तर दरवाजा वेडावाकडा होतो. शेवटी कानस हलक्या हाताने फिरवायची. उंच जागा चकाकते, खोल जागा काळी राहते. त्यानंतर फडके धरून तळहात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारी लाट तळहाताला कळते.

पुण्याच्या तांबट आळीत भांड्यावर ओळीने हातोडी मारून तांबे घट्ट आणि नितळ करतात, त्याला मठारणे म्हणतात. मोटारीच्या पत्र्यावर शेवटी फिरते ती हातोडी याच कुळातली आहे. फरक एवढाच, की तांबट स्वतः घडवलेल्या आकारावर काम करतो आणि आपला उस्ताद दुसऱ्याने मोडलेल्या आकारातून मूळ आकार शोधून काढतो. दुसरे काम सोपे आहे असे कुणी म्हणू नये.

आता पुट्टीकडे येऊ. पॉलिएस्टर राळ आणि शंखजिऱ्याची भुकटी यांचा हा लगदा १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या गॅरेजांत आला आणि जगभर पसरला. त्याआधी मोटारीचे सांधे आणि उरलेसुरले खळगे शिसे-कथलाने भरत. पत्र्याला कल्हई करायची, त्यावर मऊ झालेला धातू लाकडी फळीने सारवायचा आणि कानशीने सपाट करायचा. तो धातू पत्र्याला कल्हईने जखडलेला असे. पण शिसे हे विष आहे, म्हणून ती रीत जशीच्या तशी परत आणा असे मी म्हणणार नाही. पुट्टीही मुळात वाईट वस्तू नाही. नीट सरळ केलेल्या पत्र्यावर मिलिमीटरभर हात फिरवला, तर कुणाचे बिघडत नाही. गुन्हा घडतो तो पत्रा सरळ न करताच खड्ड्यात बोटभर पुट्टी थापली जाते तेव्हा. पत्रा आणि पुट्टी उन्हाने सारख्या फुगत नाहीत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बोनेटला हात लावून पाहा, म्हणजे त्याचा अर्थ कळेल. मग बारीक भेग पडते. पावसाळ्यात भेगेतून ओल शिरते, पुट्टी ती धरून ठेवते आणि वरून चकचकीत रंग दिसत असताना खाली पत्रा गंजत जातो. दोन पावसाळ्यांनी पोपडा निघतो, तेव्हा दुरुस्त करायला पत्राच उरलेला नसतो.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. ते टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही.

पहिला आक्षेप असा की आजच्या गाड्यांचा पत्रा पातळ आहे, तो हातोडी सोसत नाही. खरे आहे, बाहेरचा पत्रा आता साधारण ०.७ मिलिमीटरचा असतो. हिंदमोटरची ॲम्बेसेडर २०१४ साली बंद झाली, आणि मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ साली निवृत्त झाली. त्या जाड पत्र्यांचे दिवस गेले. शिवाय आजच्या गाडीचे खांब आणि सांगाड्याचे काही भाग अतिकठीण पोलादाचे असतात. त्यांना ज्योत लावणे म्हणजे बसणाऱ्याच्या जिवाशी खेळ. तिथे कंपनीच्या सूचनेप्रमाणे भाग बदलणेच योग्य, हे उस्तादांनीही मान्य केले पाहिजे. पण पातळ पत्र्याला जास्त कसबी हात लागतो, कमी नव्हे. मोठ्या शहरांत हल्ली रंग न दुखावता आतून सळईने पोचे काढण्याची 'पीडीआर' सेवा मिळते. वातानुकूलित दालन आणि इंग्रजी पाटी लावली की तीच बोटांची विद्या प्रतिष्ठित होते, मग पत्रा पातळ आहे ही तक्रारही ऐकू येत नाही.

दुसरा आक्षेप, नवा भाग टाकणे सोपे. नटबोल्टवर बसणारा पुढचा मडगार्ड असेल तर बदला, माझे काही म्हणणे नाही. पण मागच्या चाकावरचा पत्रा गाडीला वेल्डिंगने जोडलेला असतो. तो बदलायचा म्हणजे धडधाकट गाडी कापायची. कारखान्यात अख्खी बॉडी रसायनाच्या हौदात बुडवून फटीफटीत गंजरोधक थर चढवलेला असतो. तो हौद कुठल्याही गॅरेजात नसतो. कापलेल्या जागी मूळचे संरक्षण गेले ते गेलेच.

तिसरा आक्षेप, विम्याचे पैसे मिळतात, मग कशाला घासाघीस? इथे गिऱ्हाइकाला अंधारात ठेवले जाते. नेहमीच्या पॉलिसीत धातूच्या नव्या भागाच्या किमतीवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात. दहा वर्षांवरच्या गाडीला तो ५० टक्क्यांवर जातो. मजुरीवर असा घसारा नसतो. म्हणजे जुन्या गाडीच्या मालकाने दरवाजा बदलला तर अर्धी किंमत त्याच्या खिशातून जाते, आणि तोच दरवाजा कुशल हाताने सरळ करून घेतला तर त्याचे पैसे वाचतात. हे त्याला कुणी समजावून सांगत नाही. नव्या गाडीच्या मालकाकडे घसारा न कापणारी पॉलिसी असते. त्याला नवा दरवाजा फुकट वाटतो, आणि सरळ होण्याजोगा पत्रा भंगारात जातो. कागदावर भागाची किंमत चटकन भरता येते. दीड दिवसाच्या मेहनतीची किंमत कशी भरायची, हे मात्र कुणी शिकवलेले नाही.

सरकारचा हिशेबही असाच. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या यादीत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, चिलखत-शस्त्रे बनवणारा आहे. हातोडी आणि अवजारे बनवणाराही आहे. ती हातोडी घेऊन मोटारीचा पत्रा सरळ करणारा नाही. तो पारंपरिक नाही, कारण तो मोटारीवर काम करतो. आणि आधुनिकही नाही, कारण त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. सच्चर समितीने २००६ साली सांगितले होते की मुस्लिम कामगारांत पगारी नोकरदार कमी आणि स्वतःच्या धंद्यावर पोट भरणारे इतरांहून जास्त आहेत. ज्या समाजाचे पोट अशा धंद्यांवर चालते, त्याच्या धंद्यांना यादीत जागा मिळावी म्हणून आपल्या किती संघटनांनी निवेदन दिले?

आता आपल्याविषयी. हजरत दाऊद यांच्या हाती लोखंड मऊ झाले आणि त्यांनी चिलखते घडवली, हे आपल्या घरातले मूलही जाणते. वाझमध्ये हा किस्सा ऐकून आपण सुब्हानल्लाह म्हणतो आणि बाहेर पडल्यावर काळ्या हातांच्या माणसाशी हात मिळवताना रुमाल शोधतो. आपले साहित्यही फार वेगळे नाही. आपल्या कथा-कवितांत गॅरेज येते ते गरिबीची खूण म्हणून. ज्योतीच्या रंगावरून पत्र्याचा स्वभाव ओळखणारा माणूस त्यांत क्वचितच येतो. या कामाचे शब्द दखनीत, हिंदीत, मोडक्या इंग्रजीत आहेत. मराठीत ते आणण्याचे काम मराठी लिहिणाऱ्या आपणच करायला हवे होते. 'मठारणे'सारखा नेमका शब्द भाषेत पडून आहे आणि आपण 'ठोकाठोकी' म्हणून मोकळे होतो.

उस्तादांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. आपली खुबी मुठीत झाकून ठेवायची, शागिर्दाला दहा वर्षे रेगमाल घासायला लावायचे आणि मरताना विद्या कबरीत न्यायची, ही रीत हुन्नराला पुट्टीपेक्षा जास्त मारते. शाळेच्या वयाचा 'छोटू' गॅरेजात राबवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तो अन्यायच होता. रंगाच्या वाफेत आणि पुट्टीच्या धुळीत तोंडाला फडके बांधून काम करणे ही मर्दुमकी नाही. फुप्फुस दुसरे मिळत नाही.

वरोऱ्याने तरी हे समजून घ्यायला हवे. १९४९ साली बाबा आमट्यांनी आनंदवन याच मातीत उभे केले. ज्यांच्या बोटांतली संवेदना रोगाने नेली, त्यांच्या हाताला भीक न देता काम दिले. काम माणसाला उभे करते, ही गोष्ट जगाने या गावाकडून शिकली. त्याच गावाच्या रस्त्यावर, ज्याची सारी विद्या बोटांच्या संवेदनेत आहे असा माणूस आपण अडाणी ठरवतो, हे शोभत नाही.

म्हणून काही मागण्या आणि काही कामे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वाहनांच्या बॉडी दुरुस्तीचा अभ्यासक्रम आहे. तो जिथे चालतो तिथे जुन्या उस्तादांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे, आणि जिथे नाही तिथे तो मागावा. आपल्या अंजुमनांनी आणि शिक्षणसंस्थांनी मोठ्या वयाच्या मुलांसाठी संध्याकाळचा एक वर्ग काढावा. दहावी नापास झालेल्याला हातोडी आणि त्रिज्या दोन्ही एकत्र शिकता येतात. विश्वकर्मा योजनेच्या यादीत या धंद्याचा समावेश व्हावा म्हणून लेखी मागणी करावी. आणि कुणीतरी एका उस्तादाच्या शेजारी महिनाभर बसून त्याचे काम मराठीत उतरवून काढावे. ते पुस्तक कादंबरीइतकेच साहित्य असेल.

उस्तादांनी भाव पॅनलवर न लावता तासांवर लावावा आणि बिलावर स्पष्ट लिहावे : पत्रा किती सरळ केला, पुट्टी किती लावली. गिऱ्हाइकाला लबाडी पकडता येते. लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दरवाजावर लावला, तर जाड पुट्टीवर तो धरत नाही. जुन्या गाड्यांचे व्यापारी आता रंगाची जाडी मोजणारे यंत्र बाळगतात. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो आणि एक मिलिमीटर पुट्टीचे हजार मायक्रॉन होतात. म्हणजे झाकलेले काम विक्रीच्या दिवशी उघडे पडते आणि मालकाची किंमत घटते. सरळ केलेल्या पत्र्याला त्या यंत्राची भीती नसते.

आणि आपण वाचकांनी एवढे करावे. गाडी गॅरेजात नेली की 'किती लवकर होईल?' याआधी 'पत्रा काढून देणार का?' असे विचारावे. तो 'हो, पण दोन दिवस लागतील' म्हणाला, तर दोन दिवस थांबावे आणि त्याच्या मेहनतीचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.