झडती, वजन आणि वकील

वणीसारख्या गावात पोलिसांनी एखाद्या तरुणाला गांजासह धरले की दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत त्याचा निकाल लागलेला असतो. पंचनामा, रासायनिक तपासणी, साक्षीपुरावा यांपैकी कशाचीही वाट कोणी पाहत नाही. कोळशाच्या खाणींमुळे चहूकडच्या माणसांची वर्दळ असलेल्या या गावाला मादक पदार्थांची धास्ती वाटावी हे स्वाभाविक आहे. त्या व्यापाराविषयी आम्हांला तिळमात्र सहानुभूती नाही. परंतु धास्ती म्हणजे पुरावा नव्हे. आणि ज्या घरातला मुलगा पकडला गेला, त्या घराने लाजेपोटी दार लावून बसणे म्हणजे त्याची उरलीसुरली बाजूही बुडविणे होय.

ज्याला पोलिस एन.डी.पी.एस. म्हणतात, त्या १९८५ च्या कायद्यात बहुतेक सारे वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर कमाल शिक्षा एक वर्षाची, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोंपर्यंत असेल तर दहा वर्षांपर्यंत. वीस किलोंच्या वर गेला की ते ‘व्यापारी प्रमाण’ ठरते. मग किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरी. तेथे कलम ३७ आडवे येते. आरोपी निर्दोष असावा असे मानण्यास सबळ कारण आहे, अशी न्यायाधीशांची खात्री पटल्याखेरीज सरकारी विरोध डावलून जामीन मिळत नाही. व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांवाचून असलेली नुसती पाने व बिया त्यात मोडत नाहीत. म्हणूनच पोत्यात नेमके काय होते आणि तोलले काय, हे विचारणारा माणूस पहिल्या दिवसापासून हवा.

शिक्षा जितकी कडक तितकी कार्यपद्धती काटेकोर, हे न्यायालयांनी वारंवार बजावले आहे. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे झडती होण्याचा हक्क आरोपीला सांगितलाच पाहिजे, असे घटनापीठाने १९९९ साली ठरविले. मात्र हातातल्या पिशवीच्या झडतीला हा नियम लागू नाही. अधिकाऱ्यापुढे दिलेला कलम ६७ खालचा जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही, हा निर्णय २०२० चा. खाणकामगाराच्या घरी हे कोणाला ठाऊक असणार?

ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत आर्यन खान यांना अटक झाली, तेव्हा त्यांच्याजवळ अमली पदार्थ सापडलेला नव्हता. विशेष न्यायालयाने जामीन नाकारला, उच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबरला दिला, आणि मे २०२२ मधील आरोपपत्रात त्यांचे नावच नव्हते. त्यांच्यासाठी भारताचे माजी महान्यायवादी उभे राहिले होते. ज्याच्यामागे असा वकील नाही आणि नावाची चर्चा करणारी वृत्तपत्रेही नाहीत, त्याच्या वाट्याला किती महिने आले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

वकील निवडताना सत्र न्यायालयात या कायद्याखालचे खटले त्याने चालविले आहेत काय, हे विचारावे. ‘आठ दिवसांत सोडवून आणतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. जो आधी पंचनाम्याची प्रत मागतो तो बरा. फी ऐपतीबाहेर असेल तरी हताश होण्याचे कारण नाही. १९८७ च्या कायद्याने कोठडीतील व्यक्तीला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावरचा अर्जही पुरतो. १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते. फुकटचा वकील म्हणजे दुय्यम वकील ही समजूत मात्र मोडायची ती वकिलांनीच. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली वणीचा, आणि वकिली यवतमाळची. या जिल्ह्याच्या बारला त्याची आठवण करून द्यावी लागू नये.

अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधिसाहाय्य समितीला कळवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात दिला. तो पाळला जातो की नाही, हे पाहण्याचे काम वणीच्या वकील संघाने अंगावर घ्यावे, आणि आळीपाळीने उपलब्ध असणाऱ्या वकिलांची यादी ठाण्याच्या दर्शनी भागावर मराठीत लावून घ्यावी. अटक रविवारी रात्रीही होते. तेव्हा त्या यादीत वार आणि वेळही असावी.