स्वस्त जाळं कुणाला महाग पडतं?

पालघर, मनोर, चिल्हार फाटा आणि बोईसर ही चार ठिकाणं कागदावर मांडा. ती एकमेकांना जोडायला तीन रस्ते पुरतात. चौथा रस्ता हिशेबात उधळपट्टी दिसतो. पण त्याच्यामुळेच कडं पूर्ण होतं आणि कोणताही एक रस्ता बंद पडला तरी चौघांचा संबंध तुटत नाही. हे चारही रस्ते आज आहेत, हे आपलं नशीब. वीज, पाणी, इंटरनेटच्या योजना आखतानाही चौथ्या रस्त्याचा विचार व्हावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

१९२६ साली ओटाकर बोरूव्का या चेक गणितज्ञाने मोरावियातल्या विजेच्या जाळ्यासाठी सर्वांत कमी खर्चाची जोडणी शोधण्याची रीत मांडली. रीत अचूक आणि झटपट. पण तिचं उत्तर झाडासारखं असतं. फांदी तुटली की पुढचं सगळं अंधारात. 'एखादी तार तुटली तरी सगळे जोडलेले राहावेत' ही अट घातली की, किमान खर्चाचं उत्तर दर वेळी झटपट काढून देणारी रीत आजवर कुणालाही सापडलेली नाही.

म्हणून हात टेकायचे का? कमल जैन यांनी १९९८मध्ये सिद्ध केलं की, किमान खर्चाच्या दुपटीपलीकडे न जाणारा आराखडा हमखास काढता येतो. सगळीकडे दुहेरी तारा टाका, असंही त्यात नाही. रुग्णालयाला दोन वाटा, गोदामाला एक, अशी गरजेप्रमाणे अट घालता येते. त्यामुळे 'परिपूर्ण आराखडा अशक्य आहे' ही सबब चालणार नाही.

मात्र वाटा खरोखर वेगळ्या हव्यात. २८ मे २०२४ रोजी पालघर स्थानकात मालगाडी घसरली आणि रेल्वे वाहतूक विस्कळीत झाली. शेजारी-शेजारी टाकलेले दोन रूळ कागदावर दोन असतात. एकच अपघात दोघांनाही अडवू शकतो.

तारापूरला १९६९पासून अणुवीज केंद्र आहे, बोईसरलगत रासायनिक कारखाने आहेत. इथे तर दुसरी वाट ही चैन नव्हेच. प्रत्येक निविदेला एक तक्ता जोडा: कोणता दुवा तुटला तर कोणते पाडे तुटतील? वाचलेला पैसा योजनेच्या खात्यात दिसतो. त्याची किंमत पाड्यावरची अडलेली बाळंतीण मोजते आणि ती कुठल्याच खात्यात लिहिली जात नाही.